बाबल मेस्त्रीच्या माशांचे डोळे

मालवणच्या बंदरात पहिला लाकडी मासा उतरला तो एका इसवणीच्या पोटातून. इसवण म्हणजे तुमची सुरमई. ही इसवण तातू तांडेलाच्या जाळ्यात आली तेव्हा एवढी लांब होती, की डोकं धक्क्यावर कापून त्याचे वाटे पडले तरी शेपटी अजून होडीतच होती. मी तिथे होतो. नसलो तरी ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय, की मी तिथे नव्हतो असं म्हणणाऱ्यालाच आता लोक खोटा पाडतील. तर पोट फाडलं आणि आतून निघाला वीतभर लांबीचा रंगीत मासा. लाकडाचा! पोटाखाली गळ, हनुवटीला पत्र्याची जीभ, आणि डोळे असे रोखलेले, की कापणाऱ्या बाईने कोयती टाकून पदर सावरला. कुठल्या तरी आगबोटीवरच्या साहेबाने हौसेखातर तो दोरीला बांधून पाण्यातून ओढत नेला असणार, इसवणीने खरा समजून गिळला असणार, आणि दोरी तुटल्यावर साहेब हात चोळत आपल्या देशाला गेला असणार.

तातू म्हणजे आमच्याकडचा होडीचा तांडेल, होडी चालवणारा कारभारी. लाटेशीसुद्धा वाद घालणारा मनुष्य. त्याने तो मासा धुतला, काखेत मारला आणि तडक बाबल मेस्त्रीच्या कारखान्यात आणून आपटला.

"मेस्त्री, असो मासो माका होयो."

बाबल वल्हं तासत बसला होता. मासा त्याने हातात घेतला नाही. पायाच्या अंगठ्याने उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "ह्येका साचो लावललो आसा. दोनय कुशी सारख्यो. देवान केललो मासो असो कधी बघलंस? देवाचोय हात वायच हलता."

"देवाचा माका सांगू नको. तुका येता काय नाय, ता सांग."

"येता काय? अरे मेल्या, मी केललो मासो पाण्यात सोडलंस तर तेका पोरी सांगान येतील!"

बाबलच्या कारखान्याला लागून माझं सायकलचं दुकान. मधे झापांचा कूड, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांची भिंत. त्या भिंतीतून धूर, शिव्या, आणि गरज पडली तर अख्खा हात आरपार जात असे. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, बाजारात मोटार आली की कुत्री तिच्यावर भुंकून दमत, आणि भाड्याची सायकल घ्यायला माणूस नवं धोतर नेसून येई. माझी सायकल घेऊन मसुऱ्याला गेलेले काही लोक अजून परतायचे आहेत.

बाबल अंगाने इतका बारीक, की गिऱ्हाइकं दारातून डोकावत, भिंतीला पटाशी टेकवून ठेवलीय असं समजत आणि मेस्त्री जागेवर नाही म्हणून परत जात. सगळं मांस देवाने त्याच्या हातांवर खर्च केलं होतं. रुंद, संथ हात. बाकीच्या बाबलशी त्यांचा काही संबंध नसावा असे. बाबल चिडे, शिव्या घाली, तंबाखू थुंके. हात आपलं काम करत राहत. कानावर पेन्सिल असायची, ती लग्नात सासऱ्याने दिलेली. टोक काढायची वेळ कधी आली नाही. देवळाचा खांब तिळभर कललाय असं तो रस्त्यावरून सांगे, आणि पुजारी ओळंबा घेऊन येईपर्यंत खांब लाजून सरळ झालेला असे.

त्याला काहीही विचारा, हे कसं केलंस, ते कसं जमलं, उत्तर एकच. "हाताक इचार." मी सायकलच्या चाकाचा बाक काढताना पुष्कळदा माझ्या हाताला विचारून पाहिलं. अजून उत्तर आलेलं नाही.

साहेबाचा मासा त्याने त्यानंतर कधी पाहिलासुद्धा नाही. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलं, तासायची वाकस चालवली, कानशीने अंग उतरवलं, पोटात शिसं ओतलं, माझ्या सायकलीची तार तोंडातून शेपटीपर्यंत ओवली, बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याची जीभ बसवली. आणि पाण्यात सोडला तर मासा असा काही कंबर हलवत निघाला, की धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी नजरा वळवल्या. तातूने तो होडीच्या मागे दोरीला सोडला आणि पहिल्याच फेरीत इसवण आणली. किती मोठी ते सांगत नाही. सांगितलं तर तुमचा माझ्यावरचा विश्वास उडेल.

त्यानंतर बंदरावरचा प्रत्येक गरवणारा, म्हणजे गळाने मासे धरणारा, बाबलकडे येऊ लागला. एकाच माणसाच्या दोन माशांत फरक असायचा. कुणी डावीकडे ओढ घेई, कुणी जरा खोल जाई, आणि मच्छीमार त्यांना बैलांसारखे स्वभावाने ओळखत. कुणी म्हटलंच, की साचा कर म्हणजे काम पटापट होईल, तर बाबल वाकस उगारायचा. "साचो लावणारो मेस्त्री न्हय, पाव भाजणारो!" हे आमच्या पाववाल्याच्या कानावर गेलं. तेव्हापासून बाबलच्या घरी करपलेलेच पाव येऊ लागले.

या माशांची एक रीत पडली होती. गणपतीचे डोळे जसे मूर्तिकार शेवटी उघडतो, तसे बाबल माशांचे डोळे शेवटी घालायचा, आणि तेही नारळी पुनवेच्या सकाळी. सोनेरी कागद लावलेले नारळ काखेत धरून मच्छीमार कारखान्यासमोर जमत. बाबल प्रत्येकाच्या समोर, त्याच्याच डोळ्यांदेखत, खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने डोळा टेकवी. आधी पांढरा, त्यात काळा. एका स्पर्शात. मग मासा त्या माणसाच्या तोंडासमोर धरून म्हणे, "बघ, वळखता काय तुका." ओळख पटली की मग समुद्राला नारळ. पाठीमागे घातलेला डोळा कुणी घेत नसे. तातूने एकदा घाईत, बाबलच्या मेहुण्याने डोळा घातलेला मासा नेला होता. सबंध मोसम त्याला कवडीमोल शेंगट्यांशिवाय काही लागलं नाही, आणि त्यासुद्धा वर येताना हसत होत्या.

अशा या मनुष्याने एका दिवाळीनंतर साचे करायला घेतले.

पहिल्यांदा त्याने कुडातून हात घालून माझ्याकडून जुनी ट्यूब नेली. फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे आतून माशाच्या आकाराचे कोरले, आत ट्यूबचं रबर लावलं, वरून भोक पाडलेली पट्टी ठोकली. मासा त्या पाळण्यात निजवायचा, पट्टीच्या भोकात गिरमिट घालायचं आणि फिरवायचं. भोक तोंडातून निघून शेपटीच्या मधोमध बाहेर. याचं नाव त्याने ठेवलं पोलीसपाटील. "कसलोय मनीस येवंदे, सरळ चलाक लायता." मग पेडलचा दांडा नेला. त्याला लाकडी आटे पाडून पकड केली. तिचं नाव सासू. एकदा धरलं की सोडणं नाही.

आतल्या घरातून बाबलची बायको, जानकी वयनी, ओरडली, "माझ्या मेलल्या सासूक कित्याक बाजारात बसयतास?"

"ती आवस माझी! माका ठावक नाय तिची पकड?"

फळीवर खिळे ठोकून तार वळवायचा साचा केला, त्याचं नाव हेडमास्तर. कसलीही वाकडी तार घाला, एकाच वळणाची होऊन बाहेर. मग एक अख्खं चाक नेलं. ते आडव्या आसावर बसवून त्याला रंगवलेले मासे टांगले, म्हणजे फिरता फिरता रंग सगळीकडे सारखा वाळतो, ओघळत नाही. ही जत्रा. वाऱ्यावर जत्रा फिरू लागली की अर्ध्या मालवणातली मांजरं कुंपणाबाहेर ओळीने बसत आणि माशांबरोबर माना फिरवत. संध्याकाळी घरी जाताना त्यांना सरळ चालता येत नसे. एक बोका तर चक्कर येऊन थेट कोळंबच्या खाडीत पडला. शेवटी शेवटी बाबलने साचा करण्याचा साचा केला, आणि माझ्या दुकानात हँडल तेवढं उरलं.

बाजाराला हसायला विषय मिळाला. पाववाला इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होता तो आला. हातातली टोपली खाली ठेवून, कंबरेवर हात देऊन तो कारखान्याच्या दारात उभा राहिला.

"काय मेस्त्री, पाव भाजूक लागलंस?"

मी कुडाला डोळा लावला. आता वाकस उडणार, पाववाला पळणार, पाव रस्त्यावर लोळणार, आणि त्यातले निदान चारपाच आमच्या बाजूला येणार. बाबलने वरही पाहिलं नाही.

"व्हय बाबा," तो म्हणाला. "भाजतंय."

पाववाल्याचाच चेहरा पडला. टोपली उचलून तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून बाबलकडे चांगले पाव येऊ लागले, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग कपांची गोष्ट. बाबल रोज माझ्या दुकानात चहाला यायचा. एक दिवस तो स्वतःचा कप घेऊन आला. नारळाची करवंटी, बुडाशी शिसं ओतलेलं, दोन्ही बाजूंना कान. दोन्ही हातांनी उचलायचा, आणि इतका जड, की लवंडता लवंडत नाही.

"ह्या काय रे नवीन?"

"बोटीर असोच कप वापरतत. दर्यो खवळलो तरी चाय सांडना नाय."

"मेस्त्री, माझ्या दुकानात दर्यो खंयसून इलो?"

"सांगान येता काय तो?"

झालं. बाजारात सगळ्यांना बोटीवरचा कप हवा झाला. शिंप्याने करून घेतला, सोनाराने चांदीच्या कानांचा केला, पाववाल्यानेही केला. सकाळच्या वेळी माझ्या बाकावर सगळे दोन्ही हातांनी शिशाच्या करवंट्या तोंडाला लावून बसत, आणि येणाराजाणारा विचारी, की मालवणात कसली साथ आलीय. त्या सगळ्यांच्यात बाबल बसलेला. इतक्या हातांत त्याचे हात कुणाला वेगळे दिसले नाहीत.

मला दिसले ते कुडातून. आणि ते बघायला मी गेलो नव्हतो, माझा हवेचा पंप घ्यायला गेलो होतो. बाबल एकटाच होता. तार हातात, समोर मासा, भोकात तार ओवायची होती. तारेचं टोक चतुर किड्यासारखं भिरभिरत होतं. भोकावर येई, जाई, परत येई. बाबलने तार खाली ठेवली, उजवा हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसला. हट्टी पोराला दाबून धरावं तसा. मग पोलीसपाटील पुढे ओढला, तार त्याच्या पट्टीत टाकली आणि डाव्या हाताने ठोकून आत सारली. मी पंप तिथेच सोडून आलो.

काही दिवसांनी बाबल बाजारात गेलेला पाहून जानकी वयनी माझ्या दुकानात आली. वयनी म्हणजे बोलायला लागली की गाडीचा भोंगा. त्या दिवशी मात्र ती सायकलींकडे बघत उभी राहिली.

"भावजी, हे वाडीक गेलले. माशांक लावची लाख आणूक जातंय म्हणान सांगल्यानी. येताना लाख इसारले."

"इसारतत मगे कधी कधी."

"लाख इसारललो मेस्त्री तुमी खंय बघलात?" मग आवाज खाली आला. "मी फाटसून गेलंय. हे ज्या डॉक्टराकडे शिरले, त्याच डॉक्टराकडे. डॉक्टर म्हणता, तुमचे घोव येवन गेले आणि सांगान गेले, बायकोक कळवू नका म्हणान."

"मगे तुमका सांगल्यान कशा?"

"रडलंय. मगे सांगल्यान. शिरांचा दुखणा आसा. वाढतला. औषध नाय." तिने डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं ओढलं. "तेंका कळता कामा नये हां, माका ठावक आसा ता. आणि तुमी तर तोंडाक कुलूप लावा. तुमच्या पोटात उकडलला अंडा ऱ्हवना नाय."

म्हणजे बाबलला होतं, ते वयनीपासून लपवायचं. वयनीला कळलं होतं, ते बाबलपासून लपवायचं. मला दोन्ही बाजूंचं कळलं होतं आणि माझ्या हातात काय होतं? पाना.

वयनी स्वस्थ बसणारी नव्हती. तिने बाबलला माहेरी, मसुऱ्याच्या देवळात, गाऱ्हाणं घालायला नेलं. मीही गेलो, माझी एक सायकल तिकडेच दिसल्याची खबर होती. गाऱ्हाणं म्हणजे गावकराने देवापुढे उभं राहून घरादाराच्या वतीने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. आता नवरा शेजारी उभा, आणि दुखणं त्याच्यापासून झाकायचं. वयनीने गावकराच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं. बिचाऱ्या गावकराने नारळावर हात ठेवून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीन जो नारळ ठेवल्यान, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या घराकडे जी काय आडीअडचण आसात, जिचा नाव घेवचा नाय, जी कोणाक सांगूची नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"जी तुका ठावक आसाच, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज बाबलचा. हात मागे बांधलेले, मान वर.

देवाने ऐकलं नाही असं म्हणणाऱ्याचं तोंड मी धरीन. देवाने अंदाजाने काम केलं. त्या पंधरवड्यात बाबलची लंगडणारी म्हैस सरळ चालू लागली. परसातल्या विहिरीचं मचूळ पाणी गोडं झालं. शेजारणीशी बिनसलेलं होतं ते मिटलं. माझी सायकलसुद्धा सापडली. सगळ्या अडचणी गेल्या. जिचं नाव घेतलं नाही तेवढी राहिली.

त्या दिवशी देवळातून परतताना एसटीत बाबल मला हळूच म्हणाला होता, "हिची कसली अडचण रे?"

"माका काय ठावक?"

"माकाय नाय ठावक," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

नारळी पूनव जवळ आली. त्या वर्षीचे मासे बघण्यासारखे झाले होते. सासू, हेडमास्तर, पोलीसपाटील, जत्रा सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं; एक मासा दुसऱ्यातून काढावा इतके सारखे. मच्छरदाणीचा तुकडा ताणून वरून रंग मारल्यामुळे अंगावर खवलं उठली होती. फक्त डोळे राहिले होते. बाबलने कारखान्याचं दार लावून घेतलं आणि पाऊस उघडायची वाट न बघता आत काहीतरी ठोकत राहिला. पुनवेच्या आदल्या दिवशी त्याने मला कुडातून हाक मारली.

जमिनीवर दोन पट्ट्या, खोबरेल चोपडून गुळगुळीत केलेल्या. एका टोकाला ठोकळ्यात कुंचला रोवलेला, स्थिर. पट्ट्यांवर पाळणा, पाळण्यात मासा. बाबलने गुडघ्याने पाळणा ढकलला. मासा घसरत गेला, कुंचल्याला गाल टेकवून परत आला. डोळा उमटला होता. गोल, नीटस.

"कुंचलो हलयाक नको," बाबल म्हणाला. "मासोच येतलो कुंचल्याकडे." त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखा आनंद होता.

"ह्येचा नाव काय?"

त्याने पाळणा परत मागे ओढला. "ह्येका नाव नाय."

सकाळी सगळे जमले. नारळ, कोरे सदरे, पोरंबाळं, गलका. कुणी नारळावर नारळ आपटून फोडायची पैज लावत होता. बाबल बाकड्याच्या मागे साचा मांडून बसला होता, उजव्या हातावर पंचा टाकलेला. पहिला मान तातूचा. गुडघा सरकला, मासा गेला, आला. बाबलने डाव्या हाताने उचलून तातूसमोर धरला. "बघ, वळखता काय तुका."

तातूने मासा घेतला, उजेडात धरला. "डोळो बरो आसा."

"मगे?"

"तुझ्या हातचो खंय आसा?"

"साचो माझ्याच हातचो मरे."

"साच्यान वाकव, साच्यान टोक, साच्यान रंगव. माझा काय म्हणणा नाय. डोळो हातान घाल." तातू हसला. तो खरंच प्रेमाने बोलत होता. "वर्सातसून एकदा तुझो हात बघूक मिळता मेस्त्री, तोय आता पडद्यात?"

"घाल मेस्त्री, घाल!" मागून सगळे. बाबल भाव खातोय असंच त्यांना वाटत होतं. मानाच्या कारागिराला चार वेळा आग्रह करायचा असतो, तसा ते करत होते.

दारात वयनी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला जे येतं तेच मी केलं. पायरीवर चढून ओरडलो, "अरे, तोंडवळीच्या किनाऱ्याक देवमासो लागलोहा! होडयेपेक्षा मोठो! जित्तो आसा! सगळी तोंडवळी धावता!"

एकानेही मान वळवली नाही. "गप रे," तातू म्हणाला, "गेल्या वर्सा तुझो देवमासो देवबागेक इललो." सगळे हसले. उभ्या जन्मात मी एवढ्या थापा मारल्या, त्या सगळ्या लोकांना पचल्या, आणि जी एक पचायला हवी होती तीच पचली नाही.

बाबलने पंचा बाजूला केला.

हसू कसं थांबलं ते मला सांगता येणार नाही. हात बाकड्यावर आला आणि बाकडं वाजायला लागलं. त्याने कुंचला ठोकळ्यातून उपटला. पांढऱ्या रंगाचे थेंब त्याच्या धोतरावर, तातूच्या कोऱ्या सदऱ्यावर, नारळावर. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात हलू लागले. कुंचला माशाजवळ गेला, उडाला, परत गेला. डोळा उमटला तो खेकडा वाळूत चालून गेल्यासारखा.

लाटेशी वाद घालणाऱ्या तातूने मासा उचलला. "वळखता," तो म्हणाला. "माका वळखता." आणि मासा छातीशी धरून बाजूला झाला.

आता इथे कुणीतरी पुरे म्हणायला हवं होतं. पण पुरे म्हणणं म्हणजे आम्हांला दिसलं असं तोंडावर सांगणं. ते कोण सांगणार? दुसऱ्याने आपला मासा पुढे केला. "माकाय." मग तिसऱ्याने. मागे सरलो तर मेस्त्रीचा अपमान होईल, या भीतीने प्रत्येक जण पुढे होत होता. आणि इतके लोक पुढे आल्यावर थांबलो तर त्यांचा अपमान होईल, म्हणून बाबल घालत होता. प्रत्येक डोळा आधीच्यापेक्षा वाईट. घाम त्याच्या नाकाच्या टोकावरून रंगात पडत होता. बाकड्याचा आवाज तेवढा होता. ज्या हाताला लपवण्यासाठी त्याने माझं अर्धं दुकान साच्यांत घातलं, तो हात सगळ्या बंदराने ओळीने उभं राहून, अगदी मायेने, शेवटच्या माशापर्यंत बघितला.

त्या मोसमात त्या माशांना काय लागलं असं लोक मला विचारतात. मी काय काय सांगतो ते सोडा. कुणाला लागलं, कुणाला नाही. दरवर्षीसारखंच. समुद्राने डोळ्यांकडे पाहिलंच नव्हतं.

पुढल्या वर्षी बाबल कारखान्यात बसला नाही. बसली जानकी वयनी. साचेच एवढे चोख होते, की मासा पाळण्यात निजवायचा आणि साचा सांगेल तसं करायचं. बाबल ओटीवरून बघे आणि सासूचा आटा जास्त आवळला की ओरडे. पाववाला येताजाता म्हणे, "वयनी, तुमी तर मेस्त्रीण झालात!" मासे तयार झाले. नारळी पुनवेला मच्छीमार आले. साचा होता, कुंचला होता, वयनीचा हात स्थिर होता. पण कुणी डोळा मागितला नाही. तातूने आंधळा मासा तसाच उचलला.

"डोळो ऱ्हवलो मरे," वयनी म्हणाली.

"ऱ्हवांदे. मेस्त्री घालतलो मगे. वायच बरा वाटला काय."

त्या वर्षी आणि नंतरही मालवणच्या होड्यांमागून आंधळे मासे समुद्रात ओढले गेले. गालावर कोरा गोल, डोळ्यासाठी सोडलेला. मेस्त्रीला बरं वाटलं की तो घालणार होता. सगळे तसंच म्हणत होते. मीसुद्धा.

मी बाबलला शेवटचं पाहिलं ते एका दुपारी, उधारीवर गेलेली सायकल आणायला कुणकेश्वरला निघालो तेव्हा. वयनीचं काम आटपलं होतं. दोघं ओटीवर बसली होती. बाबलचा हात तिच्या मांडीवर, आणि तिने तो आपल्या दोन्ही हातांत धरलेला, घट्ट, रागाने धरावा तसा. हात थांबत नव्हता. तिच्या मनगटांतली हिरवी काकणं त्याच्याबरोबर किणकिणत होती, बारीक, सारखी. ती मोठमोठ्याने म्हशीबद्दल बोलत होती.

"काकणा वाजतत गो तुझी," बाबल म्हणाला.

"वाऱ्यान वाजतत," वयनी म्हणाली, आणि परत म्हशीबद्दल बोलू लागली.

मी सायकलवरून उतरलो नाही. माडाचं पातं हलत नव्हतं.